सासूबाईंच्या डोळ्यांची तीन पत्रं

सासूबाईंची दृष्टी जात असल्याचं पत्र मी बायकोला 'डोळे जरा आलेत' असं वाचून दाखवलं. आणि ही चूक मी एकदा नाही, तीनदा केली.

ती वर्षं कापसाची होती. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडला, आणि अमरावतीच्या बाजारात भाव असा चढला की 'पडेल' म्हणणाऱ्याकडे लोक वेड्यासारखं बघायचे. मी एका अडत्याकडे कारकून. दिवसभर "चढणारच" ऐकून माझी जीभही तशीच वळली. घरात दूध नासलं तरी मी म्हणायचो, बरंच झालं, वड्या करा.

सासूबाई अकोल्याला. दिवाळी झाल्यावर मेहुण्याचं पहिलं पत्र एका गाडीवाल्यानं आणून दिलं. बायकोला अक्षर येत नव्हतं. दुसरं बाळंतपण म्हणून ते सासरीच झालेलं. दीड महिन्याची मुलगी मांडीवर. पत्रात होतं : आईचा उजवा डोळा गेला, डावा जातो आहे, दिसतं आहे तोवर नातीला एकदा आणा. मी मान वर केली. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"डोळे आलेत जरा," मी म्हणालो. "हकिमाचा सुरमा चालू आहे. उतार आहे म्हणते."

ती हसली. आपण मोठं पुण्य केलं असं मला वाटलं.

पण ज्यांना वाचता येत नाही ती माणसं पत्र फार जपून ठेवतात. चार दिवस झाले की तिनं तोच कागद पुढे करावा, "अजून एकडाव वाचा ना." आणि मागच्या खेपेला काय रचलं होतं ते मला आठवू नये.

"मांगं सुरमा म्हणे, अन् आता गुलाबपाणी कुठून आलं?"

"दोन्ही आहे. ती ओळ खाली होती."

दुसरं आणि तिसरं पत्रही मी असंच सजवलं. गाड्या झाडून साऱ्या कापसाला जुंपलेल्या, मोकळी गाडी मिळत नव्हती. एवढं मात्र खरं होतं, म्हणून ते मी मोठ्यानं सांगायचो. मालकाकडे एक गाडी मागायला काही माझी जीभ झडली नसती. पण घाई कशाला? उतार होता ना! माझं वाचन आता मलाच खरं वाटू लागलं होतं.

चैत्रात गाडी मिळाली. चौथ्या दिवशी अकोल्याला पोचलो. सासूबाई ओसरीवर सुपात लसूण सोलत होत्या. बायकोनं लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात पुसले आणि बोटं फिरवली, कपाळावर, कानांवर, मग नाकावर.

"नाक कोनाचं घेतलं व इनं?"

बायकोनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग माझ्याकडे. मी आढ्याची लाकडं मोजू लागलो.

"डोळे जातील हे मले ठावं होतं," सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीपासून डोळे मिटून चूल पेटवणं शिकून राहिली होती मी. दोनदा हात भाजला, आता जमते. पण इचं तोंड तेवढं दिसंन वाटे. होळीपावतर दिसत होतं थोडं. गाडी वाजली का दारात जाऊन उभी राहत होती मी."

चूलही शिकायची आणि दारातही जायचं, हे या बाईनं एकाच वेळी केलं होतं. मला दोन्हींतलं एकही जमलं नव्हतं.

बायकोनं गाठोड्यातून तिन्ही पत्रं काढली. "वाचा. लिहिलं तसं."

मेहुणा समोर उभा. मी वाचलं, अडखळत, लहान पोर पाटी वाचतं तसं. ती रडत होती, पण मला थांबू देत नव्हती. तिसरं संपलं तेव्हा मी पुटपुटलो, "मले वाटलं, बाळंतीण आहे, इले उगाच तरास नको."

सासूबाई लसणाचं सूप चाचपत होत्या. म्हणाल्या, "इच्या तरासाचं नाव घेऊ नका, जवाईबापू. रडणारं मानूस पाहाची तुमचीच छाती नव्हती."