उजव्या पायावरून डावा

सकाळची शिफ्ट सुटून घरी निघालो होतो. चाकणच्या चौकात टेम्पोने दुचाकीला धडक दिली आणि माझ्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात आडवा पडल्यावर दुखण्यापेक्षा विचित्र वाटलं ते पाऊल. पार बाहेरच्या बाजूला कलंडलेलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी माझा धड असलेला उजवा पाय गुडघ्यात वाकवून आत वळवला, बाहेर वळवला.

"चालताना पावलं आत वळायची का तुमची?"

"हो. शाळेत पोरं चिडवायची. आता मोडलंच आहे, तर सरळ बसवून टाका की, मॅडम."

त्या हसल्या. "एकच सरळ केला तर दोन पाय दोन वाटांना जातील. आत सळई घालायची आहे, पण हाड किती वळवून बसवायचं ते तुमच्या उजव्या पायावरूनच ठरणार. घरात आणखी कुणाची चाल अशी?"

"आईची होती," मी म्हणालो.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होतो. तिचा चेहरा मला आठवतो तो भिंतीवरच्या फोटोतला. माझी स्वतःची आठवण म्हणजे फक्त शेताचा बांध, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली तिची पाठ आणि अंगठे एकमेकांकडे वळवत पुढे पडणारी पावलं. मी मागून ती बघत चालायचो.

कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर केल्यामुळे ऑपरेशनभर मी जागाच होतो. आधी उजव्या गुडघ्याची वाटी नेमकी वर ठेवून त्यांनी खुब्याजवळच्या हाडाचा एक्स-रे घेतला. मग डाव्यात सळई गेली. ठोके अंगभर घुमत होते. डावा पाय फिरवून पुन्हा एक्स-रे, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी.

"अजून आत घ्या. नाही, जास्त झालं. जरा मागे... हां. आता सारखं दिसतंय."

मला हुंदका आवरेना. भूल देणारे डॉक्टर वाकून म्हणाले, "दुखतंय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

काठी सुटल्यावर पहिल्यांदा दापोडीला मावशीकडे गेलो. आईची ही धाकटी बहीण. गल्लीच्या तोंडाशी भाजी घेत होती, ती मला बघून तशीच थांबली.

"लांबनं अक्काच आल्यावानी वाटलं रं."

घरात चहा घेताना मी विचारलं, "मावशे, आईचा आवाज कसा होता गं?"

"माझ्यावानीच हाय म्हणायची लोकं. पर माझा आता म्हातारा झाला."

"जेवायला कशी हाक मारायची ती?"

मावशीने पदराने डोळे पुसले, घसा साफ केला आणि स्वयंपाकघराच्या दारातून शेवटचा शब्द लांबवत म्हणाली, "चल रं जेवायला, बाळा."

मी कप खाली ठेवला. आणखी एकदा म्हण, असं तिला सांगायचं होतं.