सिदूचा चेहरा, माझा अंगठा

सिदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुर्डुवाडीच्या शाळेत नववीच्या वर्गावर होतो. पुतणी एवढंच म्हणाली, "काका, पप्पा गेले... कारखान्यातच." मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठलं. भवानी पेठेत रिक्षातून उतरलो, तर बोळाच्या तोंडाशी बसलेल्या दोन बायका किंचाळून उठल्या. त्यांचा तरी काय दोष? ज्याचा देह आत ठेवला होता, तोच माणूस त्यांच्या समोर रिक्षातून पिशवी काढत होता. सिद्धाराम आणि मी, मल्लिनाथ, जुळे भाऊ. तो माझ्याआधी जरासा जन्मला आणि त्या जराशावर त्यानं जन्मभर थोरलेपण गाजवलं.

आम्ही इतके सारखे होतो की शाळेत एकानं खोडी केली तर मास्तर दोघांनाही झोडपायचे, चूक व्हायला नको म्हणून. सिदूच्या लग्नात तो मुंडावळ्या सोडून घाम पुसायला बाजूला झाला, तेवढ्यात त्याच्या मेव्हण्यानं कानपिळीला माझाच कान धरला आणि पोशाख मागू लागला. मांडव हसून लोटपोट. मीही हसलो. सिदू मात्र तोंड फुगवून उभा होता. मला या सारखेपणाची गंमत वाटायची, त्याला कधीच वाटली नाही. माणूस जिथं आहे तिथंच त्यानं असावं, नाही तिथं दिसू नये, असं त्याचं साधं म्हणणं होतं. आमच्यात कधी न फसलेली एकच व्यक्ती म्हणजे आमची आई, अव्वा. ती पाठमोऱ्यालाही बरोबर नावानं हाक मारायची.

सिदू एका टॉवेलच्या कारखान्यात टाइमकीपर होता. हजेरी हा त्याचा धर्म. एकाच्या जागी दुसऱ्यानं हजेरी लावायची जुनी खोड मोडायला मालकांनी अंगठ्याचं मशीन आणलं, तेव्हा त्याला कोण आनंद! रविवारी मला मुद्दाम बोलावून त्यानं माझा अंगठा त्यावर दाबायला लावला. लाल दिवा लागला. "बघितलास? चेहरा एक असला तरी आंगठा न्हाय एक. अव्वानंतर आपल्याला वळखनारं हे पयलंच." त्या दिवशी मशीनला पेढा दाखवायचाच काय तो बाकी राहिला.

पण सुतानं आणि धुलाईच्या पाण्यानं कामगारांच्या बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. चार-चारदा अंगठा दाबूनही बिचाऱ्यांना गेट उघडेना. पाळी सुरू झाली तरी बाहेर रांग आणि शिव्या, त्याही सिदूलाच. पुढं करोना आला, अंगठा लावायचीच भीती झाली आणि मालकांनी चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. समोर उभं राहायचं, पडद्यावर नाव आलं की गेटचा आडवा दांडा फिरतो. रांग संपली, शिव्याही संपल्या. सगळे खूश.

सिदू सोडून. त्याच्या डोक्यात पहिल्याच दिवशी किडा शिरला होता. रविवारी पुन्हा बोलावणं आलं. मी मशीनपुढं उभा राहिलो. पडद्यावर त्याचं नाव, त्याचा फोटो, आणि दांडा फिरला की! मी टाळी दिली. त्यानं घेतली नाही. तसाच मला घेऊन मालकांकडं गेला. मालक पोट धरून हसले. म्हणाले, "अहो, अख्ख्या कारखान्यात जुळे तुम्ही एकटे. तुमचा भाऊ काय टॉवेल चोरायला येणार आहे?"

"त्यो येनार न्हाय, मालक. पन मी घरी झोपलोय आन मशीन म्हनतंय मी हितं हाय, ते कसं चालंल? उद्या कोठीतलं काय गेलं तर मी न्हवतो म्हनून कोन सांगनार? गेट सगळ्यांसाठी खरं पायजे."

शेवटी मालकांनी हात टेकले. मशीन बसवणाऱ्याकडून एकट्या सिदूसाठी वेगळी सोय करून घेतली. आधी चेहरा, मग अंगठा, दोन्ही जुळले तरच दांडा फिरणार. टाइमकीपरची बोटं मऊ, त्याला अडचण नव्हती. कामगार त्याला 'डबल लॉक' म्हणून चिडवायचे. मी तर जेवताना विचारायचो, "जेवायला चेहरा पुरे की अंगठाही लावू?" तो चिडायचा आणि ताटातली शेंगाचटणी माझ्याकडं सरकवायचा.

त्याच्या मागं घरात माझी अवस्था विचित्र झाली. वहिनी माझ्याकडं बघायचं टाळायची. एकदा स्पष्टच बोलली, "भावजी, राग मानू नका, पन तुमी दारात आलात की काळजात धस्स हुतंय." तिच्यासाठी काही चेहरा बदलता येत नव्हता. आणि अव्वा... तिची नजर आता पार अधू झालेली. माती झाल्यावर चार दिवसांनी, दिवेलागणीला मी तिच्या बाजेपाशी गेलो तर म्हणाली, "सिदू, आलास व्हय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय, अव्वा." तिनं माझा हात धरून ठेवला. मला वाटलं, म्हातारीचं मन राहतंय, मोडू कशाला? मग तेच होऊन बसलं. दर शनिवारी मी कुर्डुवाडीहून यायचो, ती सिदूला हाक मारायची, मी ओ द्यायचो. वहिनीनं दिलेला त्याचा शर्टही मी घालू लागलो होतो. खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं. मी ओ देत होतो तोवर तो पुरता गेला नव्हता.

मग एका शनिवारी सिदूचं कपाटातलं सामान न्यायला कारखान्यात गेलो. गेटवर पाशाभाई होते, सिदूचे जुने दोस्त. ते खुर्चीतून उठेपर्यंत मी मशीनसमोर पोचलोही होतो. पडद्यावर सिदूचं नाव उमटलं, फोटो आला. ऑफिसनं अजून काढलाच नव्हता. मशीनमधली बाई हिंदीत म्हणाली, "अंगूठा लगाइए." आणि का कोण जाणे, मी लावला. एकदा लावला, पुसून पुन्हा लावला. "पहचान नहीं हुई," बाई म्हणाली. लाल दिवा.

पाशाभाईंनी बाजूचं फाटक हातानं उघडलं. "इधर से आओ, मल्लूभाई," ते हळूच म्हणाले. सिदूनं मला बरोबर अडवलं होतं. मी तिथंच फाटकाला धरून रडलो, मातीच्या दिवशीही रडलो नव्हतो इतका. घरी अव्वासमोर मी दर शनिवारी जे करत होतो, तेच होऊ नये म्हणून या माणसानं मालकाशी वाद घातला होता.

त्या संध्याकाळी अव्वानं हाक मारली, "सिदू, आलास व्हय?"

"न्हाय, अव्वा. मी मल्लू. सिदू गेला."

तिनं माझा हात ओढून घेतला. मग माझ्या अंगठ्यावरून बोट फिरवत म्हणाली, "ठावं हाय की मला. माती पडायच्या आदी त्याच्या तोंडावरनं हात फिरवलाय मी. तूच व्हय म्हनलास. मला वाटलं, तुला लई जड जातंय, तर ऱ्हाऊ दे..."

मी तिच्या बाजेला टेकून खाली बसलो.

"आता एक कर," ती म्हणाली. "हाक मी मारनार. माझं लेकरू हाय ते. पन तू ओ देऊ नगंस."

अव्वा अजूनही दिवेलागणीला सिदूला हाक मारते. मी शेजारीच बसलेला असतो. आम्ही दोघंही थोडा वेळ थांबतो, मग ती म्हणते, "मल्लू, दिवा लाव."