म्या लावलेला कौल

सन १९३३. तेव्हा मला सत्ताविसावं चालू होतं.

आमचं गाव विंझरच्या वर दोन कोसांवर. गावदेवीच्या पुजेचा मान पणजापासून आमच्या घराकडं. देवी म्हणजे शेंदूर लावलेली कंबरभर उंचीची शिळा, आणि तिला कौल लावायचा तो आमच्याच हातानं. झेंडूच्या दोन पाकळ्या वाटीतल्या पाण्यात बुडवायच्या, एक शिळेच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या, आणि गाऱ्हाणं घालून बसायचं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. बैल घेणं, पोरगी देणं, बांधाचं भांडण मिटवणं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. शाळा मी दुसरीपर्यंत केली, तीही अर्धी. पण माझ्यापेक्षा दुप्पट वयाची माणसं मला अहोजाहो करायची ती ह्या बोटांमुळं. ते मला लई आवडायचं, खोटं कशाला सांगू.

त्या साली मार्गशीर्षात भात झोडताना माझ्या बायकोच्या उजव्या डोळ्यात लोंबीचं टोकदार कूस गेलं. तिनं पदरानं चोळलं आणि परत झोडायला लागली. तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद, बुबुळावर जोंधळ्याएवढा पांढरा ठिपका. म्या देवरुषीबाबाला बोलावलं. गावातला हा सगळ्यांत म्हातारा माणूस, देवी त्याच्या अंगात यायची. पटकीच्या साथीत मी लहान असताना ह्यानंच मला मांडीवर घेऊन दोन दिवस काढले होते, असं आई सांगायची. त्यानं मंत्र टाकला, डोळ्यावर फुंकर घातली आणि देवीपुढच्या धुनीची राख बोटानं डोळ्यात भरली. दुसऱ्याला बाधा नको म्हणून दोन्हीत भरली. दोन दिवसांनी डावाही डोळा सुजून मिटला.

त्याच आठवड्यात पाद्री मास्तर आला. माणूस आपल्याकडचाच, काळासावळा, डोक्याला फेटा, बोलणं पार आमच्यासारखं. पारावर बसून डफावर येशूची गाणी म्हणायचा, कापडावरची चित्रं दाखवायचा. म्या तिथून चाललो होतो, तर त्यानं हाक मारली, "या पुजारीबाबा," आणि हातात बारकं पुस्तक दिलं. चार ओळी तुमीच वाचून दाखवा म्हणाला. पुजारी म्हणजे वाचणारा, असं त्याला वाटलं असणार. म्या एका अक्षरावर बोट ठेवून उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "त्येला पाकळीवर लिहून द्या, मास्तर, मग वाचंल." सगळा पार हसला. मास्तरानं पटकन पुस्तक परत घेतलं, तो हसला नव्हता. पण माझ्या कानातून वाफा निघत होत्या, आणि त्या हसणाऱ्यांवर नाही, त्याच्यावर.

दुपारी तो माझ्या अंगणात आला. कुणीतरी सांगितलं असणार. बायकोला उन्हाकडं तोंड करून बसायला लावलं, वाकून बघितलं, हात लावला नाही. मला म्हणाला, डोळ्याला घाव झालाय, ती राख पाण्यानं धुऊन काढा. विंझरच्या पुढं कापूरहोळला सडकेच्या कडेला आमच्या मिशनच्या डाक्टरीण बाईचा तंबू आहे, परवा दुपार टळली की उठणार, त्याच्या आत हिला घेऊन या. उशीर केला तर दोन्ही डोळे जातील. म्या बघू म्हणालो. पाणी विचारलं नाही.

ही गोष्ट देवरुषीबाबाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. दिवेलागणीला देवळात त्याच्या अंगात आलं. घुमत घुमत त्यानं सांगितलं की तंबूतली मडम डोळे उकरून विलायतेला धाडते, आणि जी बाई त्या तंबूत पाऊल टाकंल तिच्या उंबऱ्याला देवी पाठ दाखवंल. बाया रडायला लागल्या. पाद्री मास्तर दाराबाहेर उभा होता. तो एवढंच म्हणाला की तुमची देवी तिचे डोळे राखणार असेल तर मी उद्या निघून जातो, पण देवीला विचारून सांगा.

म्हाताऱ्याचं वारं ओसरलं. तो घामानं भिजला होता. आणि तो जे बोलला ते मला आजही टोचतं. "मी कोण सांगनार? उद्या कौल लावा. आई व्हय म्हनली तर मी सवता गाडी जुपतो."

ते तो मनापासून बोलला. लोक मागून म्हणायचे की देवरुषी लबाड होता. तसं नव्हतं. त्याला येत नव्हतं, पण तो लबाड नव्हता.

सकाळी सगळं गाव देवळात. बायको डोळ्यांवर ओलं फडकं बांधून शिळेपुढं बसली होती. मास्तर बाहेर चाफ्याखाली. म्या सोवळं नेसून पाकळ्या घेतल्या. उजवी वाटीत बुडवली, अंगठ्यानं दाबून चिकटवली. डावी उचलली, आणि तवा डोळे वर झाले. दारातून मास्तर दिसला, आणि त्याच्या काखेत ते पुस्तक. म्या डावी पाकळी पाण्यात बुडवली नाही. कोरडीच लावली, शेंदराच्या तेलावर जेमतेम धरली.

त्याच्या आधी म्या कौलाला कधी बोट वाकडं लावलं नव्हतं. कुणी मानो न मानो.

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावी पाकळी गळली. कुणीतरी घंटा वाजवली. देवरुषीबाबानं शिळेला हात जोडले आणि बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. मास्तर माझ्याजवळ आला, तंबू उद्या दुपारपर्यंत आहे एवढं परत सांगितलं, आणि चित्रांची कापडं गुंडाळून निघाला. मी जिंकलो होतो. ते सुख फार तर पाऊण तास टिकलं असंल.

सांजच्याला बायको चुलीपुढं हातानं चाचपत भाकरी थापत होती. परातीच्या बाहेर पीठ सांडलं होतं ते तिला दिसत नव्हतं. मी जवळ बसलो तर ती थापायचं न थांबवता म्हणाली, "पान्याचा आवाज येकदाच झाला."

म्या विचारलं, कसला आवाज.

"येक पाकळी बुडवली तुमी. दुसरी न्हाई. डोळं बांधल्यालं व्हतं, कान न्हाई."

ती तव्यावर भाकरी टाकायला गेली आणि बोटं पोळली. पोळलेली बोटं पदरात धरून म्हणाली, "तुमास्नी न्यायाचं नव्हतं तर तुमी म्हनायचं. म्या बसले असते आंधळी. आईच्या नावावर कशाला घातलं?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती तरी म्या उलटा ओरडलो असतो, मला ते जमतं. तिनं भाकरी उलटली आणि मला वाढली. ती म्या खाल्ली.

उजवा डोळा तिचा पुढं गेलाच. डावा राहिला, त्या एका डोळ्यावर तिनं चाळीस वर्षं माझा संसार केला. पुजेचा मान भावकीकडं गेला. आम्ही बाटलो असं गावानं ठरवलं, आम्ही काही बाटलो नाही, पण सांगायलाही गेलो नाही. मास्तराला मी परत भेटलो तेव्हा त्यानं ह्यातलं काहीच विचारलं नाही. त्याचा मला राग आला. विचारलं असतं तरी आलाच असता.

पण ते सगळं पुढचं; कौलाच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना म्या गाडी जुपली. खाली पेंढा टाकला, तिला उचलून वर बसवलं, फडकं ओलं करून डोळ्यांवर बांधलं. मागच्या वाटेनं जाता आलं असतं. म्या गाडी देवळावरून घेतली. देवरुषीबाबा पायरीवर धुनीची लाकडं सारत होता, पाणवठ्याला निघालेली चारपाच माणसं होती. म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं रं?"

"तंबूत," म्या म्हणालो.

"आईनं न्हाई म्हनलंय."

"आई काय बोलली न्हाई, बाबा. डावी पाकळी म्या कोरडी लावली हुती."

माणसं जागच्या जागी उभी राहिली. कुणी शिवी घातली नाही, मला वाटलं होतं घालतील. म्हाताऱ्याच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. तो माझ्याकडं नाही, माझ्या हातांकडं बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग आजवरचं समदं कौल?"

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं, आणि ते खरं होतं. पण ते आता कोण मानणार, आणि का मानावं. गाडीतून ती म्हणाली, "हाका, ऊन चढंल." म्या बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि गाडी विंझरच्या वाटेला लावली.