माघात नदी लाल झाली तेव्हाचं लुगडं

आमची नदी लाल झाली तेव्हा सगळ्या गावाचं बोट माझ्या नवऱ्याकडे वळलं. गावात रंगाऱ्याचं घर एकच, आणि ते आमचं. मग दुसऱ्या कुणाकडे वळणार? हे मला तेव्हाही कळत होतं, तरी राग यायचा तो आलाच. आज एवढी म्हातारी झाले, तरी आठवलं की येतो, आणि मी तो लपवत नाही.

सन पन्नासच्या पुढची ही गोष्ट. अहेरीपासून आतल्या बाजूला, धानाच्या बांध्यांमधलं आमचं गाव. जिल्हा तेव्हा चांदा. गावात शेतकऱ्यांची घरं पुष्कळ, आमची मुसलमानांची मोजकीच. नदी वरच्या डोंगरांतून यायची. पावसाळ्यात तिच्याजवळ जायची सोय नसायची, पण माघात ती घोट्याएवढी आणि इतकी नितळ की तळातले खडे वेचून घ्यावेत. आमचा सगळा धंदा त्या नितळ पाण्यावर उभा होता.

माझे सासरे आलीच्या मुळ्यांचा लाल रंग काढत. आल हे झाड, त्याची मुळं कुटून उकळायची. त्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, मग तुरटीच्या, आणि उकळून झालं की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वाहत्या पाण्यात धुवायचं. धुणं चुकलं की सगळी मेहनत मातीत. सासऱ्यांनी रंगवलेलं लुगडं फाटायचं, पण उतरायचं नाही. पुढे अहेरीच्या बाजारात रंगाच्या पुड्या आल्या. चिमूटभर पुडी, घमेलंभर पाणी, झालं लाल! पहिल्या पावसात नेसणारीचे पायही लाल व्हायचे, पण स्वस्त होतं. आमच्या दारात येणारी माणसं कमी झाली. नवरा म्हणायचा, "येतीन परत. जातीन कुठी?" बढाई मारण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता.

त्या माघात खरंच एक बाई आली. चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची बायको, थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं. पांढरं लुगडं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "माह्या लग्नातलं लुगडं तुह्या सासऱ्यानं रंगवलं होतं. आता पोरगी लग्नाची झाली, पण त्याचा रंग काई हलला नाई. पोरीले तसाच पायजे. बाजारातलं पुडीचं मले नाई चालत."

मला इतका आनंद झाला की तिच्यासमोरच डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या मांडवात सगळ्या गावच्या बायका नवरीच्या लुगड्याला हात लावून बघतात. ते एक लुगडं साधलं की आमचा रंग परत घरोघरी जाणार होता. बिघडलं, की सासऱ्यांचं नाव आमच्याच हातांनी बुडणार होतं.

नवऱ्यानं जीव ओतून काम केलं. संध्याकाळी लुगडं उकळून हंड्यात निवायला ठेवलं आणि सकाळी उजाडताच ते धुवायला तो नदीवर गेला. गेला तसाच हंडा डोक्यावर घेऊन परत आला. म्हणाला, "नदी लाल होऊन राह्यली."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याला हंड्यासकट मागे फिरवून घाटावर गेले. बघते तर काठापासून काठापर्यंत गेरू कालवल्यासारखं पाणी. आभाळ कोरडं, गावात पावसाचा थेंब नाही, आणि नदी लाल. माझ्या अंगावर काटा आला. हे लपवण्यात काय अर्थ आहे?

तोवर घाटावर अख्खं गाव जमलं होतं आणि जो तो तोंडाला येईल ते सांगत होता. कुणी म्हणे वर वाघानं गुरांचा कळप फाडला. एक म्हातारा म्हणाला, देवीला दिलेला बकरा पोचला नाही. राजुऱ्याच्या कोळशाच्या खाणीकडे पाहुणा जाऊन आलेला एक शहाणा म्हणाला, "तिकडं जमिनीतून काळं निघते, इकडं लाल निघत असन." आणि मग कुणीतरी आमच्या हंड्याकडे पाहिलं. हंड्यात लाल पाणी, नदीत लाल पाणी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली!

नवरीचा काका पुढे झाला. "रंगारीभाऊ, काय टाकलं जी नदीत?"

नवरा हसला. तिथेच त्यानं पहिली चूक केली. "बापा, इतका लाल रंग माह्याजवळ असता तं मी इथी राह्यलो असतो काय? हैदराबादले हवेली नसती बांधली?"

कुणी हसलं नाही. काका म्हणाला, "ढोरं पाणी पेऊन नाई राह्यले. आन् हे असं लाल आमच्या पोरीच्या अंगावर नाई पायजे." हंड्यातलं लुगडं तसंच राहिलं तर डाग धरणार होतं, आणि काका म्हणत होता की ते नकोच.

नवऱ्याला मात्र वेगळंच सुचलं होतं. त्यानं वाकून पाणी हातात घेतलं, जिभेला लावलं, थुंकला आणि धावत घरी गेला. हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवलेलं पिवळट कापड घेऊन आला आणि दगडाखाली दाबून नदीत सोडलं. सगळे टकमक बघत राहिले. काय करतोस विचारलं तर बोलेना.

याचं कारण मला ठाऊक होतं. आमच्या घराची रीतच ती. रंग निघेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की नासतो. सासूबाई तर चुलीवरच्या हंड्याजवळ कुणी "लाल" म्हटलं तरी हातातली काठी उगारायच्या. इतर वेळी जिभेला हाड नसलेला माझा नवरा ही एक रीत कधी मोडत नसे, आणि नेमकी त्या दिवशी ती मोडायला हवी होती.

बऱ्याच वेळानं त्यानं कापड वर ओढलं. ते काळं झालं होतं. विझल्या चुलीतल्या कोळशासारखं काळं. आणि हा गडी ते दोन्ही हातांनी उंच धरून आनंदानं ओरडला, "पाह्यलं? पाह्यलं काय?"

गावानं पाहिलं. लाल नदीत पिवळं कापड घातलं आणि काळं निघालं. बायकांनी पोरं छातीशी धरली, म्हाताऱ्यानं कानाला हात लावले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! नवऱ्याच्या लेखी तो पुरावा होता. पाण्यात आलीचा रंग नाही, लोखंड आहे, कारण हिरड्याला लोखंड लागलं की काळंच होतं. गावाच्या लेखी मात्र तो रंगाऱ्याची करणी सिद्ध करून दाखवत होता.

काका त्याच्या अंगावर धावला. तेव्हा मी मध्ये पडले. मी काही गरीब गाय नव्हते. ओरडले, "हात खाली करा! आदी माहं आयका, मंग माराचं तं मारा." आणि नवरीच्या आईकडे वळून म्हटलं, "बाई, तुमच्या घरून विळी आना, आन् आवळे आना. माह्या घरचं काई नको, नाईतं म्हनान मीच काई करून आणलं."

ती गोंधळली, पण तिनं लेकीला पिटाळलं. नवरी विळी आणि ओटीभर आवळे घेऊन पळत आली. मी तिथेच वाळूत बसले. कापायच्या आधीच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता माही बोटं काळी होतीन." नवरा दचकला. रंगाचं नाव आधी घेतलं होतं ना! सासूबाई असत्या तर काठी पडलीच असती.

मी आवळे कापले, फोडी विळीच्या पात्यावर चोळल्या. बोटं काळी व्हायला लागली. ती वर धरून मी बायकांना विचारलं, "लोणच्याच्या दिवसांत तुमची बोटं अशी होते का नाई? तवा कोन्त्या देवाले बकरा देता?"

आधी नवरीच खुदकन हसली. मग तिची आई, मग सगळ्याच. एक आजी म्हणाली, "अवो हो, आवळ्याले लोखंड लागलं का काळं होतेच. त्यात काय?"

"मंग हिरड्याले लागलं तं त्यात काय?" मी म्हटलं. "नदीत लोखंड उतरलं. ज्या डोंगराच्या दगडापासून लोहारानं तुमचे विळे केले, तोच डोंगर पाण्यात आला."

काका तरी काठावर ताठ उभा होता. दुपारी वरून लाकडाच्या गाड्या उतरल्या आणि त्याचाही ताठा गेला. गाडीवाल्यांनी सांगितलं, डोंगर कापून नवा रस्ता करून राहिले आहेत, रात्री तिकडं धो धो पाऊस आला आणि खणलेली सारी लाल माती नाल्यात गेली. माझा नवरा सगळ्यांकडे असा बघत होता, जणू रस्ता त्यानंच खणला होता.

पण लुगड्याचं काय? नदीला परत निवळायला दिवस लागणार, आणि त्या पाण्यात धुतलं तर लाल लुगडं जांभळं-काळं होणार. आमच्या बाजूची विहीर माघात तळाला गेलेली. मी नवरीच्या आईला ते सरळ सांगितलं. तिच्या अंगणातल्या विहिरीला भरपूर पाणी होतं, पण त्या विहिरीच्या दोराला आमच्यातल्या कुणी कधी हात लावला नव्हता. तशी रीतच होती, आणि ती आम्हीही मुकाट पाळत होतो.

"आना हंडा," ती म्हणाली. "मी शेंदून देतो."

विहिरीपासून चार हात लांब आम्ही लुगडं पसरलं. ती शेंदायची, वरून ओतायची, आम्ही दोघं खळबळायचो. पाणी लाल वाहायचं, की परत शेंदायची. आलीचा रंग असा एकदोन घागरींत थोडाच धुतला जातो! तिचा दीर, तोच नवरीचा काका, आडोशाला उभा राहून बघत होता. तिचा पदर घामानं भिजला, तळहात सोलून निघाले, तरी लुगड्यातून लाल पाणी येतच होतं.

शेवटी तिनं घागर दणकन खाली ठेवली. दिराकडे एकदा पाहिलं आणि माझ्या नवऱ्यावर खेकसली, "मी काय तुमच्या घरी पानी भराले ठेवली हावो? लुगडं तुमचं बिघडून राह्यलं, आन् हात माहे जाऊन राह्यले! धरा हा दोर."

तिनं दोर पुढे केला. दिरानं मान दुसरीकडे फिरवली.

माझा नवरा हातातल्या दोराकडे बघत उभा राहिला. मीच ओरडले, "अजी, ओढा ना! रंग चाल्ला!"