गाठ मारलेली वायर

समोरच्या खोलीतल्या मावशींनी माझ्या बायकोचा जीव वाचवला. काय झालं ते सांगतोच, पण हे आधी लिहून टाकतो. पुढचं सगळं माझ्या चुकीचं आहे, आणि चूक सांगायला बसलं की माणूस आपल्यातच अडकतो. मावशी मागे राहून जायला नकोत.

मावशी खानदेशातल्या, आम्ही हिंगोलीकडचे. सुरतेच्या नवागामात पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ, त्यात आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. मधे चार पावलांची गल्ली. त्या अहिराणीत बोलायच्या, आम्ही आमच्यात. अडलं कुठंच नाही.

मी आठवीतून शाळा सोडली आणि सुरतेला येऊन लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात लागलो. तिथं मला एकच गोष्ट नीट आली, ती म्हणजे गाठ. मशीन चालू असताना धागा तुटला की दोन बोटांत टोकं धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची. माझी गाठ सुटत नाही, असं मुकादम चार माणसांत बोलायचा. शाळेत कुणी कशाबद्दलच चांगलं बोललं नव्हतं. त्यामुळं ते डोक्यात गेलं, हे आता कळतंय.

त्या उन्हाळ्यात मला रातपाळी होती. दिवसा पत्र्याखाली झोप लागेना म्हणून जुना पत्र्याचा कूलर आणला. खोलीत पॉइंट एकच, तोही दाराजवळ. खाटेपाशी दुसरा हवा होता. घरमालकाचा वायरमन रोज "काले आवीश", उद्या येतो, म्हणायचा. ते 'काले' काही उजाडेना.

बायको म्हणाली, "येईल तो. थांबा की चार दिवस. तुम्हाला काय येतं त्यातलं?"

"दोन वायरी जोडायच्यात. त्यात काय मोठं?" मी म्हणालो.

वायर कमी पडली, तर खात्यात टाकून दिलेला तुकडा आणला. तांब्याची टोकं सोलली आणि सवयीनं गाठ मारली, धाग्याला मारतो तशीच. वरून पॉलिस्टरचा धागा घट्ट गुंडाळला. घरात टेप नव्हती आणि धागा मात्र पोत्यानं होता. नव्या पॉइंटला भोकं तीन, आमच्या भिंतीत वायरी दोनच. तिसरं भोक कशाचं ते मला धड माहीत नव्हतं. मोबाइलवर एकानं दाखवलं होतं, की बारीक तुकडा घेऊन तिसरं भोक शेजारच्या ठंड्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला जोडून द्यायचं. दिलं जोडून. कूलर सुरू झाला. खोलीत गार वारं आलं तेव्हा बायको हसली, "आलं की हो तुम्हाला!"

मावशींनी दारातूनच बघितलं. "भो, मना फ्रीजले बी एक पॉइंट करी दे ना. ती लांब वायर पायात येस." त्याच दुपारी त्यांचाही करून दिला. तीच गाठ, तोच धागा, तोच बारीक तुकडा. त्यांनी चहा पाजला.

दहा-बारा दिवस काही झालं नाही.

त्या दिवशी दुपारी मी गाढ झोपेत होतो. कूलर बंद पडला. बायकोला वाटलं, पाणी संपलं. फरशी ओली, पाय अनवाणी. तिनं एका हातानं तपेली धरली आणि दुसऱ्या हातानं कूलरचं झाकण उचललं. मला जाग आली ती तपेली पडल्याच्या आवाजानं. बघतो तर ती उभीच होती, पण तोंडातून नुसता घरघर आवाज. मी खाटेवरून उडी मारली.

"हात नको लावू तिले! तू बी चिकटशी!"

मावशी दारात होत्या. धुणं धुवायला निघालेल्या, हातात लाकडी धोपटणं. मी तरी पुढं झालो, तर त्यांनी मला खांद्यानं असं ढकललं की मी खाटेवर आपटलो. मग धोपटण्यानं बायकोच्या मनगटावर एक घाव घातला. हात सुटला नाही. दुसरा घातला. सुटला. बायको खाली पडली, मागून मीही तिच्यापाशी बसलो, आणि मावशींनी मोठ्यानं हाक मारून गल्लीतल्या माणसांना रिक्षा आणायला पिटाळलं.

मावशींचे यजमान असेच करंट लागून गेले होते. त्यांना ओढायला गेलेला भाऊही तिथंच गेला. हे मला पुढं कधीतरी कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तळहात बघितला. तीन बोटं आतपर्यंत जळाली होती, मनगटाचं हाडही मोडलं होतं. जीव वाचला, म्हणाले. बायकोला शुद्ध होती. छताकडं बघत होती. मी पाण्याचा घोट दिला तर घेतला नाही.

"मावशीचा फ्रीज तुम्हीच लावून दिला ना?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"तसंच केलंय तिथं?"

"तसंच."

"मग इथं काय करताय? जा ना!"

मी मावशींना फोन लावत रस्त्यानं पळालो. उचलत नव्हत्या. रिक्षात बसलो तरी लावतच होतो. डोळ्यांपुढं एकच चित्र येत होतं. मावशी घामानं ओल्या, पाण्याची बाटली घ्यायला फ्रीजच्या दाराला हात लावतायत, आणि धोपटणं हातात घेणारं तिथं दुसरं कुणी नाही.

मावशी आपल्या उंबऱ्यात बसल्या होत्या. आत फ्रीज गुरगुरत होता. गुरगुरतोय म्हणजे गाठ अजून धरून आहे, एवढंही तेव्हा मला कळत नव्हतं. मी आत घुसून बटण बंद केलं आणि कोरड्या फडक्यानं प्लग उपटला. मग दारात येऊन सगळं सांगितलं. कशी गाठ मारली, कुठला तुकडा, का.

मावशी ऐकत राहिल्या. मग फ्रीजकडं बोट करून म्हणाल्या, "दहा दिन मी येलेच हात लावस." एवढंच. "उघड ते. माले दखाड."

मी उघडलं. धागा पिवळा पडून वायरीला चिकटला होता. गाठ काळी. मावशींनी वाकून बघितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आते जाय. बायकोले एकली टाकीसन उना तू." खरंच, तिला तिथं एकटीच सोडून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. आमच्या खोलीतली गाठ चिमटीत धरून म्हणाला, "आ कोणे कर्युं? वायर छे के सूतर?" वायर आहे का सूत, म्हणत गल्लीतले हसले. मग त्यानं मला समजावून सांगितलं. तिसरं भोक अर्थिंगचं, ते कूलरच्या पत्र्याला जोडलेलं असतं. ठंडी वायर गाठीत जळून सुटली. करंट कूलरच्या मोटरीतून आला, त्याला परत जायला वाट राहिली नाही, आणि माझ्या त्या बारीक तुकड्यानं त्याला कूलरच्या पत्र्यावर आणून सोडलं. मी तुकडा घातला नसता तर कूलर नुसता बंद पडला असता.

बायको साडीवर खडे चिकटवायचं काम करायची. ते सुटलं. तीन बोटं वाकत नाहीत. दोन महिने तिची वेणी मावशींनी घातली, घास भरवला, आणि मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. फ्रीज मात्र त्यांनी परत कधी लावला नाही. आत आता डाळीचे डबे असतात. वायरमननं नवी वायर टाकून दिली, मी दहादा सांगितलं, तरी त्या "राहू दे भो" म्हणतात आणि माठातलं पाणी पितात.

मीही अजून दारातून आत शिरलो की आधी जळका वास येतो का ते बघतो. खात्यात गाठ मारली की दोनदा ओढून बघतो, मुकादम विचारतो, काय झालं रे तुला?

मावशी, हे तुम्हाला वाचता येणार नाही, कुणीतरी वाचून दाखवेल. तुमचं फेडण्यासारखं माझ्याजवळ आज काही नाही. पण एक दिवस मी पक्क्या भिंतीची खोली घेईन, जमिनीत अर्थिंग पुरलेली, माहितगाराच्या हातानं वायर घातलेली. त्यात तुमचा फ्रीज लावीन. त्याच्या दाराला आधी मी हात लावीन, अनवाणी पायानं. मग तुम्ही लावा.