झटकाच आहे, म्हणालो होतो

माघ संपत आला होता. आर्णीच्या घरी सकाळचा चहा घेत होतो, तेवढ्यात धाकट्या भावाचा, प्रकाशचा फोन आला. तो गावी असतो, शेती तोच पाहतो. "दादा, सुखदेव गेला. आपल्या धुऱ्यावर, बांधाला पडून होता. अटॅक आला म्हणतेत." गाडी काढून पोचलो तोवर त्याला तांड्यावर नेलं होतं. अंगावर चादर, उजवा हात चादरीच्या आत. तो हात मी बाहेर काढून पाहिला नाही. पाहायची गरज नव्हती... दुपारच्या आत अग्नी दिला, आणि दिवस मावळेपर्यंत गावानं निकालही देऊन टाकला, "शिकारीच्या नादानं गारठ्यात बसून गेला बिचारा." शिकारी! ज्यानं उभ्या जन्मात हरणाच्या रक्ताचा थेंब काढला नाही, त्याला शिकारी ठरवलं. हे मी पाच आठवडे ऐकतोय आणि मान हलवतोय. मास्तरकी करून निवृत्त झालो, पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. मला कुणी मारायच्या?

सुखदेव माझा सातवीपर्यंतचा सोबती. त्याचा तांडा आमच्या शेताला लागून, आणि त्याचा हरभरा आमच्या हरभऱ्याला. कापूस उलंगला, म्हणजे वेचून संपला, तूर कापून झाली की शिवारात हिरवं म्हणून तेवढंच उरतं आणि हरणांचे कळप तिथेच उतरतात. कार्तिकात डबा वाजवला तरी पळणारी हरणं माघात शहाणी झालेली असतात. फटाका फुटला तरी मान वर करून पाहतात आणि परत चरतात. म्हणून सुखदेवनं धनुष्य धरलं. बांबूचं, घरी तासलेलं. बाणाला लोखंड नाही, जुन्या स्लीपरच्या रबराचं बोथट टोक. ढुंगणावर बसला की हरीण उडी मारायचं आणि आठ-दहा दिवस त्या बाजूला फिरकायचं नाही. एकदा जंगलखात्याचा एक गार्ड आला, धनुष्य जप्त करतो म्हणाला. सुखदेवनं त्याच्या देखत माझ्याच पाठीत बाण हाणून दाखवला. मी कळवळलो, गार्ड हसला, आणि चहा पिऊन गेला. पाठीवर दोन दिवस गोल डाग होता. बायको विचारायची, कुठं पडलात?

त्याचं बघून बाकीचेही सामान घ्यायला निघाले आणि आधी त्याला विचारू लागले. त्याचे हिशोब साधे होते. जर्किन घालायचं नाही, ते हललं की सळसळतं, घोंगडी बरी. हरभऱ्याच्या पानावर पहाटे आंब, म्हणजे आंबट दव असतं, ते कापडी बूट खाऊन टाकतं, म्हणून गमबूट घ्यायचे, पण एक नंबर मोठे, आत दोन मोजे बसले पाहिजेत. बोटांना दोरी कापते, तिथं फाटक्या मोज्याचा तुकडा. माझ्या पुतण्यानं मोबाईलवर बघून शहरातून चाकं-दोऱ्यांचं भलंमोठं धनुष्य मागवलं, तेव्हा सुखदेवनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, हे धनुष्य होय का सायकलचं दुकान? गारठ्यात बोटं आकडली म्हंजे याचा कोन्ता नट कसतो हा?" पुतण्या रुसला. पुढच्याच आठवड्यात सुखदेवकडून बांबू तासून घेऊन गेला. फक्त एका बाबतीत सुखदेव चिक्कू होता, बाणाच्या. प्रत्येक काडी विस्तवावर शेकून सरळ केलेली, सगळ्या एका वजनाच्या. संध्याकाळी मारलेले बाण उजाडल्यावर तो धुऱ्याधुऱ्यानं फिरून वेचायचा. एक जरी कमी भरला तरी घरी जायचा नाही. "दुसरा करता येते गा, पण त्याच्यासारखा नाही होत," म्हणायचा.

आमच्या शेताला डुकरांसाठी तार लावायची ठरली, तेव्हाही निवड त्यानंच केली. आमच्याकडे झटका वेगळा आणि करंट वेगळा. झटका म्हणजे बॅटरीच्या मशीनचा, तो जनावराला हुसकतो. करंट म्हणजे मोटारपंपाच्या लाईनवरून थेट घेतलेला. सुखदेवनं प्रकाशला बजावून सांगितलं होतं, "झटका चापट मारते, करंट जीव घेते. चापटीवर भागते तं जीव कायले घ्याचा?" प्रकाशनं मशीन आणलं. दोन वर्षं नीट चाललं. यंदा माघात बॅटरी बसली, डुकरांनी एका रात्रीत हरभऱ्याच्या चार ओळी लोळवल्या, आणि प्रकाशचा मला फोन आला, "दादा, दोन-चार दिवस लाईनवर घेतलं. उजाडलं का काढून टाकतो. कोणाले बोलू नको, गुन्हा हाय तो."

मी कोणाला बोललो नाही. दुसऱ्याच दिवशी सुखदेव आर्णीच्या बाजारात भेटला. आम्ही टपरीवर बसलो. बशीत चहा ओतता ओतता त्यानं सहज विचारलं, "तुमच्या धुऱ्याकडून मले काल जरा भेव वाटलं बे. तारेत काय सोडून राह्यलं प्रकाशनं?" मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "काय सोडन? झटकाच हाय." तो म्हणाला, "मंग बरं हाय." एवढंच. भावाची अब्रू राखली, असं मला तेव्हा वाटलं. सुखदेव आपल्या तारेकडे येतोच कशाला, असंही वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशला उठायला उशीर झाला. सुखदेवचा एक बाण आमच्या तारेपलीकडे पडला होता. पायात गमबूट होते, पण बाण ओढायला तो ओल्या मातीत गुडघा टेकून वाकला आणि हात तारेखाली घातला. माझ्या शब्दाच्या भरवशावर घातला. प्रकाशनं तार गुंडाळली, मग मला फोन केला. तो हरभऱ्यातला बाण मी गेल्या गेल्या उचलला आणि गाडीच्या डिकीत टाकला. कुणी तो तारेपलीकडे पाहू नये म्हणून. हेही मीच केलं.

काल इथवरचा हा लेख घेऊन तांड्यावर गेलो. छापायला देण्याआधी सुखदेवच्या बायकोला, शांतावहिनींना, वाचून दाखवायचा होता. प्रकाशला आधी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मले जेलात घालतं का?" मी म्हणालो, "घालतील तर दोघांना घालोत." वहिनी तूर पाखडत होत्या. मी वाचत होतो तरी त्यांचं सूप थांबलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मी न्हाऊ घातलं त्याइले, भाऊजी. करपलेली बोटं मीच पाह्यली. मले त्याच दिवशी समजलं. तुम्ही कवा येता, तेवढंच पाहून राह्यली होती."

मी हात जोडले. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अन् तो बाण?" त्या म्हणाल्या. "तो आणला का? त्याच्यासाठीच तं गेलते ते..."

तो अजून डिकीतच होता. मी उठलो आणि आणायला गेलो.