रिकाम्या गावाची भरलेली गाडी

वडवणीहून दुपारी बाराची बस निघाली तेव्हा तिच्यात अकरा म्हातारी माणसं आणि पुण्याहून दुष्काळ बघायला आलेला मी, एवढेच होतो. दात मोजले असते तर माझे एकट्याचे जास्त भरले असते.

खरं तर तरणी माणसं गेली कुठं, ही शंका वडवणीतच आली होती. तालुक्याचं गाव, पण स्टँडसमोरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात आता बीपीच्या गोळ्या मिळत होत्या. हॉटेलवाला म्हणाला, "बिनसाखरेचाच चहा लई खपतो, पावनं. साखर खानारे समदे ऊस तोडायला गेले."

गाडीत शेजारी कोंडाबाई होत्या, ऐंशीच्या घरातल्या.

"कुठं गेलता मावशी?"

"कुटंच न्हाई."

"मग गाडीत कशाला बसलात?"

"आज माझी पाळी हाय!"

उलगडा त्यांच्या गावातल्या दूध सोसायटीत झाला. दुष्काळामुळे जनावरं छावणीत, त्यामुळे दूध शून्य. तरी चेअरमन आप्पा रोज कुलूप उघडत. फॅटचे आकडे लिहायच्या फळ्यावर आता वारानुसार म्हाताऱ्यांची नावं होती.

"गाडीला मानूस न्हाई म्हनून बंद करनार व्हते," आप्पा म्हणाले. "एकदा बंद पडली की पुन्हा सुरू व्हत न्हाई. पोरं ऊसतोडीला फडावर हायत, पाडव्याला येतील. तवर कोंडाबाईला दर सोमवारी दवाखान्यात कशी न्यावी? म्हनून पाळी लावली. काम असो, नसो, गाडीत बसायचं."

मी खो खो हसलो. आप्पांनी मला जेवू घातलं. भाकरी त्यांनीच थापलेली, एका बाजूनं करपलेली, दुसरीकडून कच्ची. ठेच्यानं दोन्ही बाजू सांभाळून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी भरते का ते तपासायला एसटीचे साहेब येणार होते. फळ्यावर त्या वाराची नावं पाच, पण उत्साहाच्या भरात अख्खं गाव गाडीत चढलं. आप्पांनी तर फेटाच बांधला होता.

साहेबांनी विचारलं, "एवढी मंडळी कुठं निघाली?"

"लग्नाला!" आप्पा ठसक्यात म्हणाले.

"पौषात?"

पौषात आपल्याकडे मांजरसुद्धा सोयरीक करत नाही. आप्पा फेटा सारखा करू लागले.

शेवटी कोंडाबाईच बोलल्या, "लगीन न्हाई की काई न्हाई, सायेब. गाडी बंद पडू नये म्हनून बसतो आमी. गाडी गेली तर दवाखाना गेला, बाजार गेला. मग घरात बसून मरनाचीच वाट बघायची का?"

साहेबांनी वहीत 'गाडी भरलेली' एवढंच लिहिलं आणि ते कोंडाबाईंनी सरकून दिलेल्या जागेवर बसले.

मी पुण्याला परतलो आणि हा किस्सा चवीनं सांगत सुटलो. पाडवा झाल्यावर आप्पांना फोन केला.

"पोरं आली का?"

"निम्मी आली. निम्म्यांनी कारखान्याकडंच खोल्या घेतल्या."

"आणि कोंडाबाई?"

"गेली. पंधरा दिस झाले. तिच्या पाळीचा मंगळवार रिकामा हाय. फळ्यावर लिवायला मानूस न्हाई."

हसलो होतो त्याची लाज वाटली.

"माझं नाव लिहा, आप्पा," म्हणालो.

मंगळवारी बाराच्या गाडीसाठी मी वडवणीच्या स्टँडवर होतो. हॉटेलवाल्यानं न विचारताच बिनसाखरेचा चहा दिला. गाडी लागल्यावर मी कोंडाबाईंच्या जागेवर जाऊन बसलो.